नावाचं कडवं

नाशिकरोड, १२ जानेवारी

ताई, जयभीम.

मी संजना. तुमच्या धाकट्या भावाची, प्रफुल्लची बायको. आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही गोव्यात होतात, आमची पायल झाली तेव्हा लिस्बनला, आणि सासूबाई गेल्या तेव्हा विमानंच बंद होती. खरं तर पहिलंच वाक्य रागाचं लिहायचं ठरवलं होतं. पण तुमची पेटी आली आणि राग जरा बाजूला ठेवावा लागला.

पेटी माझ्याच हातात पडली, कारण मी इथल्या पोस्टात काऊंटरला बसते. वर तुमचं नाव, तुमचा पत्ता. आत चार सीडी आणि एक जाडजूड पुस्तिका, तीही पोर्तुगीजमध्ये. तुमच्या फोटोत पांढरे केस आणि कपाळ हुबेहूब बापाचं, आप्पांचं. उभ्या आयुष्यात गायलेलं सगळं एका पेटीत भरून पाठवलंत आणि घरच्यांसाठी एक ओळ नाही, एक फोन नंबर नाही! कमाल आहे तुमची. म्हणून मीच लिहितेय. आजकाल पोस्टात लोक आधार कार्डाला येतात. पत्र लिहिणारी मी एकटीच उरले असेन.

आता कामाचं. आप्पांना ऐकू येत नाही. डावा कान गेलाच आहे. उजव्यात मशीन घालतात. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, वयच झालंय, उजवाही वर्षाच्या आत जाईल, तेव्हा काय ऐकायचं ते ऐकून घ्या. ते आपले सहज बोलून गेले. माझ्या मात्र रिक्षात बसल्यापासून डोक्यात एकच, की कान जायच्या आत आप्पांनी तुमचं गाणं ऐकलं पाहिजे.

अडचण अशी की तुमचं नाव निघालं की आप्पा मशीन काढतात. भांडत नाहीत, ओरडत नाहीत. मशीन खिशात घालतात आणि पेपर उघडतात. पेटी दाखवली तेव्हाही तेच केलं. प्रफुल्ल म्हणाले, "कशाला त्यांच्या मागे लागतेस? ताई हॉटेलात दारू पिणाऱ्यांसमोर गायला गेली, तिकडंच लग्न केलं. आप्पांच्या मनातून उतरली. सगळ्या कॉलनीला माहीत आहे." कॉलनीला काय, माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यात काय आहे तेही माहीत असतं. म्हणून ते खरं असतं असं नाही.

दुसरी अडचण म्हणजे घरात सीडी लावायला काही नाही. पायल म्हणते, "मम्मी, सीडी कोण ऐकतं आता?" फोनवर तुमची थोडी गाणी सापडली, पण पेटीतली जुनी नाहीत. शेवटी आमच्या मागे राहणाऱ्या हिरामणच्या जुन्या ओम्नीत प्लेअर निघाला. तो पहाटे झेंडू घेऊन फुलबाजारात जातो, नऊच्या पुढे गाडी गल्लीत उभी असते. आज सुट्टी होती. काचा वर करून गाडीत बसले आणि पहिली सीडी लावली.

बाकी पुढच्या वेळी. जेवायला सगळे खोळंबलेत.

तुमची (हे लिहायला हात अडखळला, पण लिहिते)
संजना

१६ फेब्रुवारी

ताई, जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळींचं! "आप्पांवर जबरदस्ती करू नकोस. त्यांना माझा हा विलायती बाजा सहन होत नाही. तू ऐकलंस हेच खूप." बरं बाई. मी ऐकलं ते तरी सांगू द्या.

मला गाण्यातलं काही कळत नाही. माहेर सटाण्याचं, घरात कांद्याचा व्यापार, गाणं म्हणजे लग्नातला बॅन्ड. पण महिनाभर मी रोज पोस्टात जायच्या आधी ओम्नीत बसते; सीडी आता तिथंच असतात. साडीला झेंडूचा वास येतो. काऊंटरवरची तेजल विचारते, मॅडम, रोज कुठल्या देवळात जाऊन येता?

पहिल्या सीडीत तुम्ही किती लहान आहात! आप्पांची गायनपार्टी मागे, ढोलकी, बॅन्जो, आणि पुढे तुमचा टिपेचा आवाज. मधेच माईक शिट्टी मारतो आणि कुणीतरी ओरडतं, "अरे, वायर बघ!" ते तसंच ठेवलंत, बरं केलंत. मग कव्वाल्या, मग ऑर्केस्ट्रातली गाणी, दोन गझला. दुसरीत कोकणी. तिसरी सीडी गोव्याच्या बॅन्डची. ती मला पहिल्यांदा आवडलीच नाही, खोटं कशाला बोलू? पियानो एकीकडे, ढोल दुसरीकडे, तुमच्या ह्यांचा, म्हणजे भाऊजींचा, सॅक्सोफोन तिसरीकडे, आणि तुम्ही निवांत मागे राहिलेल्या. मला वाटलं, चुकतायत. तीन-चारदा ऐकल्यावर कळलं की चुकत नाही आहात. सगळे पुढे निघून गेले तरी तुम्ही आपल्या भाजी निवडत बसल्यासारख्या, आणि समेवर मात्र सगळ्यांच्या आधी हजर. हे कुठं शिकलात? इंग्रजी शब्द मला अर्धे कळतात, पण त्या एका संथ गाण्यात तुम्ही शब्द सोडून नुसता "आ" लावता, तेव्हा मला आमच्या शेतातल्या बायका आठवल्या. मी रडले. गाडीतच रडले, कुणी बघितलं नाही.

माझी आई, पुतळाबाई, सटाण्याहून आली होती. तिलाही नेऊन बसवलं. दोन गाणी ऐकून आपल्या अहिराणीत म्हणाली, "हाई बाई रडी ऱ्हायनी का गाई ऱ्हायनी?" मी म्हटलं, दोन्ही. मग म्हणाली, "आवाज भलता गोड शे. आखो एक लाव." आणखी एक! आईनं मराठी मालिका सोडून दुसरं काही मागितलेलं मी प्रथमच पाहिलं.

चौथी सीडी अलीकडची आहे ना? आवाज खाली उतरलाय, वरची पट्टी जात नाही, आणि तुम्ही ते लपवत नाही. मला ती सगळ्यात जास्त आवडते. तरुणपणी तुम्ही लोकांना दाखवत होतात. आता सांगताय.

आप्पांचं म्हणाल तर मी दोनदा हरले. एकदा रविवारी मटणाचा बेत केला, ते खुशीत जेवत असताना पायलनं फोनवर हळूच तुमचं गाणं लावलं. त्यांनी मशीन काढून वाटीशेजारी ठेवलं आणि हाड चोखत राहिले. दुसऱ्यांदा मी सरळच विचारलं. म्हणाले, "संजना, मला ऐकू येत नाय." ही चलाखी मला ठाऊक आहे, ताई. पेन्शनचा विषय असला की त्यांना शेजारच्या खोलीतून ऐकू येतं.

प्रफुल्लना मी पत्र लिहिते हे सांगितलेलं नाही. आई-वडिलांचं सगळं त्यांनी एकट्यानं केलंय, त्यामुळे तुमच्या नावाला ते जरा आंबट होतात. समजून घ्या.

संजना

९ मार्च

ताई,

आज जयभीम म्हणायलाही दम नाही. काय झालं ते आधी ऐका.

सकाळी नेहमीसारखी हिरामणच्या गाडीकडे गेले तर काचा वर आणि आत कुणीतरी बसलेलं. हिरामण बाहेर टायरला पाणी मारत होता. मला बघून ओशाळला. "ताई, आप्पा म्हनले कोनाला सांगू नको. ते रोज येत्यात, तुम्ही पोस्टात गेल्यावर. आज लवकर आले. मी काय करनार? लय भारी गाती म्हनत्यात."

मी दार उघडलं. आप्पा पुढच्या सीटवर, मशीन कानात, डोळे मिटलेले, बोटं समोरच्या पत्र्यावर ठेका धरून. तिसरी सीडी चालू होती. त्यांचंच गाणं, तुम्ही गोव्याच्या बॅन्डसोबत केलेलं.

*पाटीवरचा उजेड माझ्या भिमानं दिला गं,*
*अंगठ्याचा डाग माझ्या बोटाचा गेला गं.*

मी मागच्या सीटवर बसले. फुलांच्या टोपल्यांमध्ये. त्यांना कळलं, पण मशीनला हात लावला नाही.

"ह्यो भोंगा वाजवनारा कोन हाय?"

"तुमचे जावई. सॅक्सोफोन म्हणतात त्याला."

"चांगला हाय. मधी मधी करत नाय. ती गाती तवा गप बसतो."

"म्हणजे तुम्हाला आवडतं?"

"न आवडायला काय झालं? चाल माझी हाय. तिनं वाकवली, पन मोडली नाय. ते काम सोपं नसतं."

ताई, मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, मग हॉटेलचं काय, लग्नाचं काय? आप्पा म्हणाले, "हॉटेलचं काय? मी काय मंदिरात गात होतो? मी दारू दुकानासमोर, गटारीवर फळ्या टाकून स्टेज केलं, त्याच्यावर गायलोय."

तेवढ्यात गाणं संपलं. आप्पांनी बोट वर केलं. "आता सांग. संपलं का?"

"संपलं की."

"कुठं संपलं? नावाचं कडवं कुठंय?"

मी सटाण्याच्या व्यापाऱ्याची लेक. दर जयंतीला ते कडवं ऐकलेलं, पण ते कशासाठी असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून सीडीत ते नाही हेही लक्षात आलं नाही. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्यातच वाढलात. पण आप्पांनी मला सांगितलं तसं लिहिते, कारण मला वाटतं तुम्ही एकदा त्यांच्या तोंडून ऐकायला हवं. म्हणाले, "आमच्या गान्याचं पुस्तक निघत नव्हतं. रेकॉर्डवर नाव येत नव्हतं. गानं या पार्टीकडून त्या पार्टीकडं जायचं, जळगावला, नगरला, कुठं पन. कवी कोन, कुनाला ठावं? म्हनून शेवटच्या कडव्यात आपलं नाव बांधायचं. तेवढंच आपलं. गान्याच्या मुकाबल्यात समोर वैरी असला आन् त्याचं गानं मी गायलो, तरी त्याच्या नावाचं कडवं गाळलं नाय कधी. ते गाळत नसतात. आन् माझ्या लेकीनं माझं गाळलं. पहिल्या कॅसेटमधी ऐकलं तवा वाटलं, रीळ संपलं आसंल. मग कळलं की गानंच तेवढं केलंय."

मग त्यांनी ते कडवं म्हटलं. मोठ्यानं नाही. आवाज थरथरतो आता.

*मल्हारी म्हणे, एकलहऱ्याच्या चिमणीखाली गं,*
*लेक माझी पाटी घेऊन शाळेला गेली गं.*

ताई, ती लेक तुम्ही ना? एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसच्या क्वार्टरमधून पहिल्यांदा शाळेत गेलात त्या दिवशी त्यांनी हे बांधलं. रात्रपाळी करून आले होते, झोपलेच नाहीत, तुम्हाला सोडायला गेले आणि येताना कडवं सुचलं, असं म्हणाले. त्यांचं नाव गाळलंत तेव्हा त्याच कात्रीत तुम्हीही कापल्या गेलात.

तीस वर्षं तुम्हाला वाटलं की बापाला बाजा आवडला नाही, आणि बापाला वाटलं की लेकीला नावाची लाज वाटली. मधल्या मधे सासूबाई गेल्या. मला तुम्हा दोघांचा इतका राग आला की पोस्टात आज एका म्हाताऱ्याला दोनदा चुकीची तिकिटं दिली.

का गाळलंत? खरं सांगा.

संजना

७ एप्रिल

ताई, जयभीम.

तुमचं पत्र वाचलं. लांबलचक, आणि अक्षर शाळेतल्या मुलीसारखं. इतकी वर्षं मराठी लिहिलं नसेल तुम्ही.

बॅन्डच्या म्होरक्यानं विचारलं, "हा मल्हारी कोण? ऐकणाऱ्यांना काय समजणार?" आणि तुम्ही "सोडून देऊ" म्हणालात. इतकंच. लाज वगैरे काही नव्हती, घाई होती, वय अठ्ठावीस होतं, स्टुडिओचे तास संपत होते. यावर माझा विश्वास बसतो. मोठी दुखणी अशीच होतात, कुणी बसून ठरवत नाही.

पण पुढचं मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंत की मी पत्रात लिहीपर्यंत तुम्हाला ते कडवं आठवतच नव्हतं. एकही शब्द नाही. शोधलं तरी सापडलं नाही. तुम्ही खरं लिहिलंत याबद्दल मी तुम्हाला मानते. पण ते आप्पांना कसं सांगायचं? मी दोन दिवस पत्र ब्लाऊजच्या कप्प्यात घेऊन फिरले. एकदा वाटलं, खोटं सांगावं. म्हणावं, ताई रोज म्हणतात ते कडवं. त्यांना बरं वाटलं असतं. पण मग तुम्ही आलात की त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं निभवायला लागलं असतं, आणि तुम्ही दोघं आधीच पुरेसं चुकलेले आहात.

काल ते ओट्यावर लसूण सोलत होते. मी शेजारी बसले आणि सगळं वाचून दाखवलं, उजव्या कानाशी तोंड नेऊन. मी मशीनकडे बघत होते. त्यांनी हात लावला नाही. "आठवत नाही" हे वाक्य आलं तेव्हा एक पाकळी हातात तशीच राहिली.

मग म्हणाले, "गायलं नाय तर कडवं जातंच. माझं दुसरं कडवं जातं कधी कधी." आणि परत सोलायला लागले.

मला वाटलं होतं, ते चिडतील. चिडले असते तर बरं होतं. जेवतात, फिरतात, पण तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात. हिरामणच्या गाडीकडे गेले नाहीत. चौदा एप्रिल तोंडावर आहे, कॉलनीत निळे झेंडे लागलेत, वर्गणीवाले येऊन गेले. दर वर्षी विहारासमोर आप्पा ते एकच गाणं म्हणतात. यंदा विहारातल्या मंगलाबाई विचारायला आल्या तर म्हणाले, "बघू."

एक चांगलं सांगते. काल प्रफुल्ल चपला घालता घालता म्हणाले, "लिस्बनचं पत्र आलं का?" जणू काही दूध आलं का विचारतायत. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं, आलं, उशीखाली आहे, वाचा. संध्याकाळी परत तिथंच होतं, पण घडी वेगळी होती.

डॉक्टरांकडे गेलो होतो. मशीनचा आवाज आणखी वाढवून दिला. याच्या पुढे वाढत नाही म्हणाले.

संजना

१६ एप्रिल

ताई, जयभीम!

परवाचं सांगते. पायलनं फोनवर घेतलंय, पण गर्दीत कुणाचं तरी पोर तिच्यापुढे नाचत होतं, त्यामुळे अर्ध्याच्या वर नुसता फुगाच दिसतो. तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवा.

आप्पा पांढरा शर्ट, निळा रुमाल घालून दुपारपासून तयार. म्हणजे गाणार हे कळलं. मी विचारलं नाही. स्टेजवर त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी बाजूला सारली. हार्मोनियमला आता नवीन मुलगा आहे, कुंदन. आप्पांना पेटी नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांनी कुंदनच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा खांदा हलतो त्यावरून ठेका धरायचा! आणि ताई, ते तुमच्यासारखं गायले. मागे राहून. कुंदन घाबरला, थांबायला लागला, तर आप्पांनी खांदा दाबला, चालू ठेव म्हणून. ते मागून आले आणि समेवर बरोबर उभे. माझ्या शेजारी प्रफुल्ल होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे मागे राहणं कुठून आलंय हे आम्हा दोघांनाच माहीत; म्हणजे गाडीतली सीडी त्यांनीही ऐकली होती.

सगळी कडवी झाली. बायका शेवटच्या कडव्याला टाळ्या धरतात, दर वर्षीचं ठरलेलं आहे. "मल्हारी म्हणे" आलं की सगळे सोबत म्हणतात. बायकांनी सुरुवातही केली. आप्पांनी हात वर करून थांबवलं. आणि म्हटलं,

*दीपमाला गाते दूर देशी, परक्या भाषेत गं,*
*बापाचं गाणं ठेवलं तिनं आपल्या घशात गं.*

मला माझे कान गेले असं वाटलं. टाळ्या थांबल्या होत्या. नवीन बिल्डिंगमधल्या लोकांना तुम्ही माहीतच नाही, एकानं खालून विचारलं, "आप्पा, दीपमाला कोण?" त्यांना ऐकू आलं नाही. मंगलाबाईंनी उठून त्यांच्या कानात सांगितलं. आप्पा माईकमध्ये म्हणाले, "माझी लेक. गायिका हाय. माझ्यापेक्षा बरी गाती." आणि खाली उतरले. प्रफुल्ल हात द्यायला पुढे गेले. मी नुसती उभी राहून रडत होते, यंदा उघड्यावर.

घरी आल्यावर मी भांडले त्यांच्याशी. खरंच भांडले. म्हटलं, "आप्पा, तुमच्या नावासाठी तीस वर्षं अबोला धरलात, आणि आता स्वतःच काढून टाकलंत? नव्या कडव्यात तुमचं नाव कुठंय?"

म्हणाले, "बाप म्हनलं की आलंच की माझं." मग म्हणाले, "जुनं कडवं मी बांधलं तवा गानं माझ्याजवळ होतं. आता तिच्याजवळ हाय. जो गानं पुढं नेतो त्याचं नाव घालायचं. ती विसरली त्यात तिची चूक नाय, ते कडवं तिचं नव्हतंच, माझं होतं. हे तिचं हाय. हे इसरायची नाय." आणि मग शाहिराचा जीव, राहवेना. "'घशात' जरा खरखरीत वाटतं, पन यमक बसतंय. तिला सांग, तिला दुसरं सुचलं तर बदल म्हनावं."

आता तुमची पाळी आहे. फोनवर गाऊ नका, फोनला त्यांचं मशीन शिट्टी मारतं. आवाज भरून पाठवू नका, पेटी पाठवू नका. स्वतः या. भाऊजींना घेऊन या, त्या भोंग्यासकट. आप्पांनी त्यांच्यासाठी विशेष विचारलंय, "तो मटन खातो का?" प्रफुल्ल म्हणतात, विमानतळावर मी जाईन. असं बोलले ते, मला विचारलंसुद्धा नाही.

काल रात्री जेवताना मी आप्पांना म्हटलं, ताईंना यायला उशीर झाला आणि तोपर्यंत उजवा कानही गेला तर? ते म्हणाले, "गेला तर गेला. तिच्या तोंडाकडं बघून मला कळंल कोनतं कडवं चाललंय."

त्यांना चालेल, ताई. मला चालणार नाही. तिकीट काढा आणि तारीख कळवा.

तुमची
संजना